घामाचा तास आणि संगणकाची वही





स्मरणिकेसाठी लेख लिहायचा म्हटले की शिक्षण, संघटना आणि धम्म या विषयांवर लिहिण्याची आपली प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. या वेळी मात्र आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. एखाद्या कामाला लागलेला वेळ संगणकात कसा साठवावा, हा तो विषय. ऐकताना तो रुक्ष वाटेल. परंतु आपल्यातील पुष्कळ घरांची चूल पाळीच्या कामावर पेटते आणि पाळीचा पगार तासांवर ठरतो. तास चुकले की घरातले पैसे चुकतात. शिवाय आपली मुले आज हीच पगाराची आणि हजेरीची सॉफ्टवेअर लिहिण्याच्या नोकऱ्यांत जात आहेत. म्हणून हा विषय सभासदांनी समजून घ्यावा आणि विद्यार्थ्यांनी नीट शिकावा, असे आम्हाला वाटते.

साडेसव्वीस तासांचे अडीच तास

आपल्या एका सभासदांचा मुलगा जिल्ह्यातील एका कारखान्यात पाळीने कामाला आहे. एका महिन्यात त्याने साडेसव्वीस तास जादा काम केले. पगाराच्या कागदावर मात्र जादा कामाचे तास २:३० असे छापून आले. त्याने खिडकीवर विचारले, तेव्हा "हिशेब कॉम्प्युटरचा आहे, तो चुकत नाही," असे उत्तर मिळाले. पोराने वाद घातला नाही. त्याच्या खिशात एक लहान डायरी असते. कोणत्या दिवशी किती वाजता आत गेलो, किती वाजता बाहेर पडलो, हे तो रोज त्यात लिहीत असे. ती डायरी घेऊन तो आपल्या अभ्यासिकेत आला.

आम्ही बेरीज केली. साडेसव्वीस तास बरोबर निघाले. मग साडेसव्वीस आणि अडीच यांतील फरक काढला, तो आला चोवीस तास. एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही. चोवीस हा आकडा पाहताच संगणक शिकणाऱ्या मुलांच्या डोक्यात प्रकाश पडला. चूक हजेरी घेणाऱ्या माणसाची नसावी. संगणकाने तासांची बेरीज घड्याळासारखी धरली असावी आणि चोवीस तास होताच काटा पुन्हा शून्यावर आणला असावा.

आता या चोवीस तासांची किंमत पाहा. जादा कामाला दुप्पट दर असतो. म्हणजे चोवीस तासांचे अठ्ठेचाळीस तासांचे वेतन झाले. अठ्ठेचाळीस तास म्हणजे पूर्ण एक आठवडा! एका रकान्याच्या चुकीने एका कामगाराच्या हातून एका आठवड्याची मजुरी गेली होती. डायरीच्या झेरॉक्स जोडून त्याने अर्ज दिला, कार्यालयाने तपासणी केली, चूक मान्य केली आणि पुढच्या पगारात पैसे दिले. त्याचे काम झाले; पण ज्याच्याजवळ डायरी नाही त्याचे काय, हा प्रश्न आमच्या मनात राहिला आणि त्यातूनच हा लेख झाला.

अठ्ठेचाळीस हा आकडा कोठून आला

कामाच्या तासांना मर्यादा ही आपोआप मिळालेली गोष्ट नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० साली रविवारची सुट्टी मान्य झाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये ती दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास झाली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ती १० आणि ५४ वर आली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कारखाने कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक त्यांनी मांडले, आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांसाठी मर्यादा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास झाली.

१९४८ च्या कारखाने कायद्याने हीच मर्यादा पुढे चालवली आणि तिच्यावरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर ठरवला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतही जादा कामाला दुप्पट दर हे तत्त्व राहिले आहे.

कायदा तासांवर उभा आहे. तास मोजले गेले तरच कायदा कामगाराच्या हातात येतो. पूर्वी तास कागदी मस्टरवर असत आणि मस्टर कोणालाही वाचता येत असे. आज ते डेटाबेसमध्ये असतात. तेथे ते कसे लिहिले जातात हे ज्याला कळते, त्यालाच चूक दाखवता येते.

'किती वाजले' आणि 'किती वेळ लागला'

आपल्या मराठीत हे दोन प्रश्न स्पष्टपणे वेगळे आहेत. 'साडेसात वाजले' ही दिवसातील एक खूण आहे. 'साडेसात तास लागले' हे एक माप आहे, जसे साडेसात किलो किंवा साडेसात मीटर. खुणेला चोवीस तासांची हद्द आहे. २३:५९ नंतर ००:०० येते. मापाला तशी हद्द नाही. ते २६ तास असेल, ५० तास असेल, हजार तासही असेल. दोन मापांची बेरीज करता येते, दोन खुणांची येत नाही. सहा तास अधिक आठ तास म्हणजे चौदा तास. पण सहा वाजता अधिक आठ वाजता म्हणजे काहीच नाही.

घोटाळा होतो तो लिहिताना. दोन्ही गोष्टी आपण ७:३० अशाच लिहितो. कागदावर माणूस संदर्भाने ओळखतो. संगणकाला संदर्भ कळत नाही. त्याला रकान्याचा प्रकार सांगावा लागतो.

माप म्हणजे मोजणी, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. सातव्या शतकात चीनमधून आलेले भिक्खू इत्सिंग यांनी नालंदा महाविहारात सुमारे दहा वर्षे अध्ययन केले. तेथील पाणघड्याळाचे वर्णन त्यांनी लिहून ठेवले आहे. तांब्याच्या मोठ्या पात्रात पाणी भरायचे आणि त्यावर तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवायची. छिद्रातून पाणी चढून वाटी बुडाली की नगारा वाजवायचा आणि वाटी पुन्हा ठेवायची. मध्यान्हानंतर भिक्खूंनी भोजन करायचे नाही असा विनयाचा नियम असल्यामुळे ही मोजणी अतिशय काटेकोर ठेवावी लागे.

याच वर्णनात एक मोलाची गोष्ट आहे. नालंदात सकाळपासून मध्यान्हापर्यंत वाटी आठ वेळा बुडे, तर महाबोधी आणि कुशीनगर येथील विहारांत ती सोळा वेळा बुडे. दोन्हीकडे दिवस तोच आणि सूर्यही तोच, पण वाटी वेगळी. तेव्हा 'चार वाट्या वेळ झाला' असे कोणी सांगितले तर आधी विचारावे लागेल, कोणत्या विहाराच्या वाट्या? नुसता आकडा अपुरा असतो, त्याच्याबरोबर एकक लागते. तेराशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजच्या डेटाबेसलाही तंतोतंत लागू आहे.

दुभाष्याचे काम

आता संगणकाकडे वळू. डेटाबेस म्हणजे तक्त्यांची मोठी वही. प्रत्येक तक्त्याला रकाने असतात आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरलेला असतो: येथे अक्षरे, येथे पूर्णांक, येथे तारीख. प्रोग्रॅम लिहिणारा मात्र तक्त्यांच्या भाषेत विचार करीत नाही. तो 'कामगार', 'पाळी', 'जादा काम' अशा वस्तू कल्पितो. त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात. या वस्तू आणि ते तक्ते यांच्यामध्ये एक दुभाषी बसवलेला असतो. त्याचे नाव ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, थोडक्यात ओआरएम. पायथॉन भाषेत जँगो या चौकटीबरोबर तो येतो, जावा भाषेत हायबरनेट नावाचा आहे, मायक्रोसॉफ्टच्या भाषांसाठी एंटिटी फ्रेमवर्क आहे.

दुभाषी असल्यामुळे काम सोपे होते. पण ज्या शब्दाला समोरच्या भाषेत नेमका प्रतिशब्द नाही, तेथे चांगला दुभाषीही अडखळतो. 'कालावधी' हा असाच एक शब्द आहे. प्रोग्रॅमच्या भाषेत त्यासाठी स्वतंत्र वस्तू असते: पायथॉनमध्ये टाइमडेल्टा, जावात ड्युरेशन, मायक्रोसॉफ्टकडे टाइमस्पॅन. डेटाबेसमध्ये मात्र प्रत्येक ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र रकाना असतोच असे नाही.

पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल यांच्याकडे 'इंटरव्हल' नावाचा कालावधीचाच रकाना आहे. एसक्यूएल सर्व्हरकडे तसा रकाना नाही. 'टाइम' आहे, पण तो दिवसातील वेळ दाखवतो आणि २३:५९:५९ च्या पुढे एका सेकंदापेक्षाही कमी अंतरावर संपतो. एंटिटी फ्रेमवर्क टाइमस्पॅनला सांगितल्याशिवाय याच रकान्यात नेऊन बसवते. कालावधी चोवीस तासांचा झाला की साठवण नाकारली जाते. ही चूक निदान ओरडून सांगते, एवढे तिचे उपकार.

मायएसक्यूएलची गंमत वेगळी आहे. त्याचा 'टाइम' रकाना चोवीस तासांच्या पुढे जातो, पण ८३८ तास ५९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबतो. एका कामगाराच्या महिन्याला हे पुरते. वीस कामगारांच्या खात्याची एकूण बेरीज त्यात मावत नाही. मायएसक्यूएल कडक पद्धतीवर लावलेले असेल तर ते चूक दाखवते. नसेल तर निमूटपणे ८३८:५९:५९ एवढेच लिहून ठेवते. ओरडणाऱ्या चुकीपेक्षा अशी निमूट चूक फार घातक.

जँगो हा दुभाषी पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये कालावधीला इंटरव्हल रकान्यात ठेवतो, आणि इतर ठिकाणी मायक्रोसेकंदांचा मोठा पूर्णांक करून ठेवतो. एका सेकंदाचे दहा लाख मायक्रोसेकंद. म्हणजे आठ तासांची पाळी तक्त्यात २८,८००,०००,००० अशी दिसते. जँगोमधून वाचली तर ती पुन्हा आठ तास होते. पण उद्या कोणी दुसऱ्याने दुभाष्याला वगळून थेट तक्ता वाचला आणि त्याला हे सेकंदच वाटले, तर? हायबरनेटमध्ये रूढ मांडणीत एकक नॅनोसेकंद असते, म्हणजे आणखी हजारपट बारीक. नालंदाची वाटी आणि कुशीनगरची वाटी ती हीच.

चुका कोठे कोठे होतात

पहिली चूक वर आलीच आहे: कालावधी 'वाजले किती' या रकान्यात ठेवणे.

दुसरी चूक वाचताना होते, आणि ती अधिक फसवी आहे. पायथॉनचा टाइमडेल्टा आपल्या पोटात दिवस, सेकंद आणि मायक्रोसेकंद असे तीन भाग वेगळे ठेवतो. ५० तासांचे तो २ दिवस आणि ७,२०० सेकंद करतो. आता प्रोग्रॅमरने फक्त 'सेकंद' एवढाच भाग मागितला तर त्याला ७,२०० मिळतात, म्हणजे दोन तास. वरचे अठ्ठेचाळीस तास दिवसांच्या कप्प्यात राहून गेले! बाबासाहेबांच्या विधेयकाचा सबंध आठवडा एका शब्दात नाहीसा. तेथे 'एकूण सेकंद' मागायला हवे होते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही '१ दिवस ६ तास' या इंटरव्हलमधून फक्त 'तास' मागितले तर ६ मिळतात, ३० मिळत नाहीत.

ही चूक प्रोग्रॅमर का करतो, तेही सांगण्यासारखे आहे. रात्रपाळी १० वाजता सुरू होऊन सकाळी ६ वाजता संपते. तारीख न धरता सहातून बावीस वजा केले तर उणे सोळा तास येतात. पायथॉन ते 'उणे एक दिवस आणि २८,८०० सेकंद' असे ठेवतो. २८,८०० सेकंद म्हणजे बरोबर आठ तास. तेव्हा 'सेकंद' एवढेच मागितले की रात्रपाळीचा हिशेब चुकून बरोबर येतो. प्रोग्रॅमर खूश होतो आणि तोच शब्द महिन्याच्या बेरजेलाही वापरतो. एका चुकीने दुसरी झाकली, आणि तिसरी जन्माला घातली.

तिसरी चूक दशांशाची. साडेसात तास आपण ७.३० असे लिहितो. संगणक त्याला सात पूर्णांक तीन दशांश तास समजतो, म्हणजे ७ तास १८ मिनिटे. रोजची बारा मिनिटे गेली. ७.५ लिहिले तर बरोबर; पण २० मिनिटे कशी लिहिणार? ०.३३ तास. रोज २० मिनिटे जादा काम करणाऱ्याचे २६ दिवसांत ५२० मिनिटे व्हायला हवीत, ०.३३ ने गुणले तर ५१४ मिनिटे ४८ सेकंद येतात. पाच मिनिटे फार नाहीत असे म्हणता येईल, पण ती प्रत्येकाची, दर महिन्याला आणि नेहमी कामगाराच्याच बाजूने कमी होतात.

चौथी चूक मध्यरात्रीची. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की यंत्रे चोवीस तास चालतात. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून आपल्या जिल्ह्याला रात्रपाळी घरातली गोष्ट झाली आहे. रात्रपाळीची सुरुवात एका तारखेला आणि शेवट दुसऱ्या तारखेला होतो. म्हणून आत-बाहेरची नोंद नेहमी तारखेसह हवी. परदेशी कंपनीचे काम करणाऱ्या मुलांनी प्रदेशाची प्रमाणवेळही धरावी, कारण अमेरिकेत आणि युरोपात वर्षातून दोनदा घड्याळ तासाने सरकवतात. आपल्याकडे असे होत नाही, पण झालेच नाही असे नाही. महायुद्धाच्या काळात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचे घड्याळ एक तास पुढे होते. ते पुढे सरकले त्या रात्री दहा ते सहा काम करणाऱ्याने घड्याळाप्रमाणे आठ तास भरले, प्रत्यक्षात सात. मागे आले त्या रात्री आठाचे नऊ तास झाले.

पाचवी चूक महिन्यांची. तास, मिनिट, सेकंद यांचे नाते पक्के आहे. महिन्याचे आणि दिवसाचे नाते पक्के नाही. भिक्खूंचा वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने चालतो. पण चांद्र महिना कधी २९, कधी ३० दिवसांचा, म्हणून वर्षावासाचे दिवस दर वर्षी सारखे भरतीलच असे नाही. आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्याचे उदाहरण घ्या. पंडित नेहरूंना ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाली, त्यांना या किल्ल्यात ठेवले, नंतर उत्तरेत हलवले आणि १५ जून १९४५ रोजी सोडले. हा काळ २ वर्षे १० महिने ६ दिवस असाही सांगता येतो आणि १,०४१ दिवस असाही. पण कोणी महिना सरसकट ३० दिवसांचा धरून पहिल्यावरून दुसरा काढला तर १,०२६ येतात. पंधरा दिवस गळाले! पगाराच्या वहीत अशी तूट उपदानाच्या किंवा सेवाकाळाच्या हिशेबात निघते. म्हणून जावाने या दोन गोष्टींसाठी ड्युरेशन आणि पीरियड असे दोन वेगळे प्रकार ठेवले आहेत, आणि पोस्टग्रेएसक्यूएलचा इंटरव्हल महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद तीन कप्प्यांत वेगळे ठेवतो.

मग बरोबर कसे ठेवावे

विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात.

१) कामाचा कालावधी एका लहान एककाच्या पूर्णांकात ठेवावा. पगारासाठी सेकंद पुरेसे आहेत. दशांश तास आणि अक्षरांत लिहिलेले '२६:३०' हे दोन्ही टाळावेत. डेटाबेसमध्ये इंटरव्हल रकाना असेल तर तोही चालेल, मात्र त्यात महिने मिसळू नयेत.

२) एकक रकान्याच्या नावातच लिहावे. नुसते 'कालावधी' ठेवू नये; 'कालावधी_सेकंद' ठेवावे. पाच वर्षांनी तक्ता उघडणाऱ्या अनोळखी माणसाला त्यावरून वाट सापडते.

३) पूर्णांकाचा आकार पाहावा. साध्या बत्तीस बिटांच्या पूर्णांकात सुमारे २१४ कोटींपर्यंतची संख्या मावते. सेकंद मोजले तर त्यात अडुसष्ट वर्षे बसतात, मिलिसेकंद मोजले तर पंचवीस दिवसही बसत नाहीत, आणि नॅनोसेकंद मोजले तर अडीच सेकंदही नाहीत. बारीक एकक हवे असेल तर चौसष्ट बिटांचा रकाना घ्यावा.

४) रूपांतर एकाच ठिकाणी करावे. ओआरएमला एकदा सांगून ठेवता येते की ही वस्तू साठवताना तिचे एकूण सेकंद करायचे आणि वाचताना सेकंदांची वस्तू करायची. हे एकदा लिहिले की प्रत्येकाने आपापल्या जागी गुणाकार-भागाकार करायची गरज उरत नाही.

५) आत आल्याची आणि बाहेर गेल्याची नोंद तारखेसह जपून ठेवावी. कालावधी हा निष्कर्ष आहे, या दोन नोंदी हा पुरावा आहे. निष्कर्ष चुकला तर पुराव्यावरून पुन्हा काढता येतो. पुरावाच पुसला तर कामगाराजवळ खिशातील डायरीशिवाय काही उरत नाही.

६) घालून पाहावे आणि काढून पाहावे. शून्य, २३:५९, २४:००, २६:३०, ४८:००, ८३९ तास आणि हजार तास एवढे कालावधी डेटाबेसमध्ये ठेवावेत, परत वाचावेत आणि जे ठेवले तेच आले का ते पाहावे. या परीक्षेला दहा मिनिटे लागतात. ती आधी घेतली असती तर आमच्या मुलाचा आठवडा गेला नसता.

आता त्याचाच हिशेब या रीतीने करून पाहू. रात्री १० ते सकाळी ६:३० म्हणजे साडेआठ तास, अर्थात ३०,६०० सेकंद. अर्ध्या तासाच्या सुट्टीचे १,८०० वजा केले; राहिले २८,८००. असे सहा दिवस म्हणजे १,७२,८०० सेकंद, बरोबर ४८ तास. त्याचे महिन्याचे जादा काम ९५,४०० सेकंद. ३,६०० ने भागले तर भागाकार २६ आणि बाकी १,८०० सेकंद. म्हणजे २६ तास ३० मिनिटे. चुकीच्या रीतीत या ९५,४०० मधून आधी एका दिवसाचे ८६,४०० सेकंद बाजूला पडतात आणि राहतात ९,०००, म्हणजे अडीच तास. पगाराच्या कागदावर आलेला आकडा तो हाच.

सभासदांसाठी दोन शब्द

ज्यांना संगणकाचे हे तपशील नको असतील त्यांनी एवढे तरी करावे. आपल्या पाळीची रोजची नोंद स्वतःच्या हाताने, तारखेसह ठेवावी. पगाराचा कागद हातात आला की जादा तासांची बेरीज ताडून पाहावी. फरक चोवीस, अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर तासांचा निघाला तर तो बहुधा रकान्याचा दोष असतो आणि तो दाखवून देता येतो. घरी एक्सेलवर बेरीज करताना साडेसव्वीसचे अडीच दिसले तर घाबरू नये. तेथे आत आकडा बरोबर असतो, दाखवण्याची रीत चुकलेली असते. त्या घराच्या वेळेच्या नमुन्यात तासाच्या अक्षराभोवती चौकोनी कंस घातला की पूर्ण तास दिसू लागतात.

आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी कोणी उद्या पुण्यात, मुंबईत किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत बसून हजेरीचा प्रोग्रॅम लिहील. समोरच्या पडद्यावर तुम्हाला फक्त एक रकाना दिसेल. त्या रकान्याच्या पलीकडे कोणीतरी रात्रभर यंत्रापाशी उभे असेल, हे विसरू नका. कदाचित तो तुमचा मामा असेल, चुलता असेल, आई असेल. तास कमी व्हावेत आणि जादा तासाचा मोबदला मिळावा यासाठी एक पिढी झिजली. मोजलेला तास वहीत जसाच्या तसा उतरवणे हे आता तुमच्या पिढीचे काम आहे. सम्यक आजीविका म्हणतात ती प्रोग्रॅमरच्या बाबतीत येथूनच सुरू होते.

अभ्यासिकेतील संगणकावर वरील सहावी परीक्षा करून पाहण्याची सोय आम्ही ठेवली आहे. रविवारी वंदनेनंतर जरूर यावे, आणि पगाराचा कागद असेल तर तोही बरोबर आणावा.

जयभीम! नमो बुद्धाय!